चिलरची पारख: भयाचं अक्षर इंग्रजीत आयतं मिळतं, मराठीत काढावं लागतं

मायक्रोसॉफ्ट ऑफिस टाकलेल्या बहुतेक विंडोज संगणकांवर चिलर हा फॉन्ट वेगळा न मागताच येतो. अँड्र्यू स्मिथ यांनी तो १९९५ मध्ये काढला आणि लेट्रासेटने आणला. संगणक येण्याआधी जाहिरातीतले कलाकार ज्यांचे कागद घासून अक्षरं उमटवत, तीच ही कंपनी. एकांकिकेचं पोस्टर असो, भयकथांच्या यूट्यूब वाहिनीचं चित्र असो की हॉटेलातल्या हॅलोविन पार्टीचा फ्लेक्स, ‘जरा भीतिदायक अक्षर टाका’ म्हटलं की ऑपरेटरचा हात आधी चिलरवरच जातो, कारण तो समोर असतो. फॉन्ट चांगला आहे. मात्र त्याची ताकद एका शब्दापुरती आहे आणि मराठी मजकुराला तो मुळातच लागू होत नाही. या दोन गोष्टी कळल्या नाहीत की काम बिघडतं.

आधी अक्षर पाहू. चिलरच्या उभ्या रेघा सरळ उतरत नाहीत, मध्येच बारीक होतात आणि पुन्हा जाड होतात. कडा फाटक्या आहेत आणि टोकं ओरखडा ओढल्यासारखी संपतात. घाबरलेल्या माणसाने घाईत लिहिल्याचा भास त्यातून होतो, आणि हेच त्याचं खरं मोल. रक्ताचे थेंब लटकवलेल्या फॉन्टांत भीती बाहेरून चिकटवलेली असते, चिलरमध्ये ती हाताच्या थरथरीत आहे. त्यामुळे मानसिक थराराला, कुणीतरी भिंतीवर खरडलेल्या ओळीला, नाटकाच्या नावाला तो शोभतो. कवटी, वटवाघूळ, भोपळा अशा चित्रांशेजारी तो उलट अशक्त दिसतो.

पण हा फॉन्ट आहे, लिखाण नाही. प्रत्येक अक्षराचा साचा एकच. ‘हेल’ किंवा ‘किल’ अशा शब्दांत दोन एल शेजारी येतात आणि दोन्हींवर तोच ओरखडा, त्याच उंचीवर, त्याच आकाराचा दिसतो. ‘ब्लड’मधल्या दोन ओंचंही तेच. वाचणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण हाताचं अक्षर नसून छापाचं आहे हे त्याच्या डोळ्याला कळतं आणि भीती तिथेच संपते.

उपाय सोपा आहे, पण तो बहुतेक जण करत नाहीत. शब्द पक्का झाला की अक्षरांचे आकार करून घ्यायचे, म्हणजे ती टाइप केलेला मजकूर न राहता कडेचे बिंदू हलवून बदलता येणारी चित्रं होतात: कोरलड्रॉमध्ये कंट्रोल-क्यू, इलस्ट्रेटरमध्ये शिफ्ट-कंट्रोल-ओ. दुसऱ्यांदा आलेला ओ आडवा उलटवला तरी चालतो, कारण उलटा ओसुद्धा ओच राहतो. एल, के, आर उलटवता येत नाहीत. तिथे कडेवरचे पाच-सहा बिंदू हाताने हलवावेत, एखादा ओरखडा पुसावा, एखादा नवा ओढावा. मग प्रत्येक अक्षर दीड-दोन अंशांत इकडे-तिकडे फिरवावं आणि तळरेषेपासून उंचीच्या दोन-तीन टक्के वर-खाली करावं. पाच टक्क्यांच्या पुढे गेलात की अक्षरं नाचायला लागतात आणि भयपटाचं पोस्टर बालनाट्याचं होतं.

चिलर त्याच पॉइंटात इतर फॉन्टांपेक्षा लहान आणि अरुंद दिसतो. म्हणून तो मोठा घ्यावा लागतो, आणि लहान घेतला की वाचता येत नाही. ए-३ पोस्टरवर एका शब्दाचं शीर्षक असेल तर अक्षराची उंची ६०-७० मिलिमीटर ठेवायला हरकत नाही. कलाकारांची नावं, तारीख, नाट्यगृहाचा पत्ता आणि तिकीटदर यांत त्याला आणूच नये. तिकीटदराला आणखी एक अडचण आहे: ₹ हे चिन्ह २०१० मध्ये आलं, फॉन्ट त्याच्या पंधरा वर्षं आधीचा. संगणक मग ते चिन्ह दुसऱ्याच फॉन्टमधून उचलतो आणि फाटक्या आकड्यांशेजारी एक गुळगुळीत ₹ उभा राहतो.

जाडी हा दुसरा सापळा. चिलरला एकच वजन आहे, ठळक आवृत्ती नाही. वर्डमध्ये ‘बी’चं बटण दाबलं की संगणक त्याच आकाराला कडेने फुगवतो, आणि ज्या फाटक्या कडांसाठी फॉन्ट निवडला त्याच भरून जातात. इलस्ट्रेटर किंवा कोरलमध्ये बाहेरून रेघ देऊन जाड करायला गेलात तर वेगळं संकट येतं. चिलरच्या कडेला शेकडो टोकदार कोपरे आहेत आणि रेघेचा जोड टोकदार ठेवलेला असला की त्यातल्या प्रत्येकातून लांब काटा बाहेर येतो. रेघेचा जोड गोल करावा, किंवा ‘ऑफसेट पाथ’ वापरून तिथेही जोड गोल निवडावा. जाडी अक्षराच्या उंचीच्या एक टक्क्याच्या पुढे नेऊ नये. खरोखर जाड अक्षर हवं असेल तर फॉन्टच बदलावा.

तो बदल करायला गूगल फॉन्ट्सवर मोफत माल आहे. क्रीपस्टर हा साइडशोचा, म्हणजे फाँट डायनर या अमेरिकन फॉन्टगृहाच्याच दुसऱ्या नावाचा. जाड, वेडावाकडा आणि लांबून वाचता येणारा. त्यात काही अक्षरांचे पर्यायी आकार आणि जोड दिलेले आहेत, त्यामुळे पुनरुक्तीचा दोष थोडा कमी होतो. मात्र त्याचा सूर राक्षसांच्या कॉमिक्सचा आणि जुन्या अमेरिकन चित्रपटांच्या पोस्टरांचा आहे. मुलांची पार्टी, टी-शर्ट, मॉलमधला हॅलोविनचा कोपरा, यांना तो झकास. कोकणातल्या देवचाराच्या किंवा गोव्यातल्या वेताळाच्या गोष्टीवर तो टाकला की गोष्ट आपली राहत नाही. नोसिफर हा टायपोमोंडो या फॉन्टगृहाचा, पसरट अक्षरांना खाली रक्ताचे ओघळ. एक तर तो इतका रुंद आहे की दहा अक्षरांचा शब्द पोस्टरची सगळी रुंदी खातो, आणि ओघळ तळरेषेखाली उतरत असल्यामुळे दोन ओळी ठेवल्या तर ओळींमधलं अंतर बरंच वाढवावं लागतं. टायपोमोंडोचेच ईटर आणि बुचरमन हे अनुक्रमे रोग लागलेल्या आणि कोयत्याने तोडलेल्या अक्षरांचे फॉन्ट आहेत. वर्षात एखाद्या कामाला लागतील, त्याहून जास्त नाही.

परवान्याच्या बाबतीत चिलर आणि गूगलवरचे फॉन्ट यांत फरक आहे. गूगलवरचे हे फॉन्ट मुक्त परवान्याचे. धंद्याच्या कामात वापरा, संकेतस्थळावर चढवा, बदलासुद्धा. फक्त फॉन्टची फाइल नुसती विकू नये, आणि क्रीपस्टर हे नाव राखीव असल्यामुळे बदललेल्या फॉन्टला वेगळं नाव द्यावं. ऑफिससोबत आलेला चिलर तुमच्या संगणकावर छापील कामाला वापरायला अडचण नसते. त्याची फाइल पेनड्राइव्हवरून प्रेसला देणं किंवा सर्व्हरवर टाकून वेबफॉन्ट करणं याला मात्र वेगळा परवाना घ्यावा लागतो. म्हणून संकेतस्थळाचं काम असेल तर चिलरचा विचार सोडून द्यावा आणि क्रीपस्टर घ्यावा, किंवा शब्दाचं एसव्हीजी, म्हणजे कितीही मोठं केलं तरी न फुटणारं, चित्र करून टाकावं.

संकेतस्थळावर क्रीपस्टरची सर्रास दिसणारी चूक सांगतो, कारण ती दुरुस्त करायला एक ओळ लागते. मुख्य शीर्षकाचा एच-१ टॅग ब्राउझर आपणहून ठळक करतो. क्रीपस्टरला ठळक आवृत्ती नाही, म्हणून ब्राउझर खोटी जाडी तयार करतो आणि सगळं शीर्षक चिखल झाल्यासारखं दिसतं. स्टाइलमध्ये फॉन्टचं वजन ४०० असं स्पष्ट लिहावं. शीर्षकात दोन-तीनच शब्द असतील तर गूगलच्या दुव्याला ‘टेक्स्ट’ हा घटक जोडून तेवढीच अक्षरं मागवता येतात, फाइल पुष्कळ लहान होते.

रंगाबद्दल. काळ्यावर गडद रक्तासारखा लाल, ही प्रत्येकाला सुचणारी जोडी, वाचायला सगळ्यात वाईट. लाल १३९, हिरवा ०, निळा ० हा रंग काळ्यावर ठेवला तर उजेडाचं प्रमाण साधारण २.१ ला १ एवढंच भरतं. वेबच्या सुगम्यता मानकात मोठ्या अक्षरांनाही किमान ३ ला १ लागतं. पूर्ण लाल, म्हणजे २५५, ०, ०, घेतला तर ते ५.२५ होतं. पण मोबाइलवर अंगठ्याएवढ्या दिसणाऱ्या चित्रात फाटक्या कडांचं लाल अक्षर तरीही विरघळतं. हाडासारखा मळका पांढरा, २३२, २२४, २०८ च्या आसपासचा, काळ्यावर ठेवावा आणि लाल एखाद्या ओरखड्यापुरता राखून ठेवावा. ऑफसेट छपाईत काळ्या जमिनीतून पांढरं अक्षर काढायचं असेल तर जमीन चार रंगांच्या काळ्याची करू नये. प्लेटी केसभर सरकल्या तरी चिलरचे बारीक ओरखडे दुसऱ्या रंगाने भरून जातात. काळा १०० टक्के आणि त्याखाली निळा ३०-४० टक्के एवढं पुरतं, आणि अक्षराचा सगळ्यात बारीक भाग ०.३ मिलिमीटरच्या खाली जाऊ देऊ नये. अंदाजाने न ठरवता पडद्यावर मोजावा. कापडावर स्क्रीन प्रिंट असेल तर ०.५.

व्हिनाइल कापून स्टिकर करायचा असेल तर चिलर आहे तसा प्लॉटरला देऊ नका. कडेवर इतके बिंदू असतात की सुरी सारखी वळते, व्हिनाइल फाटतं आणि अक्षरापासून सुटलेले बारीक ठिपके नको असलेला भाग सोलताना त्याच्याबरोबर निघून जातात. दोन मिलिमीटरपेक्षा लहान सुटे तुकडे आधीच पुसावेत. मग कोरलच्या शेप टूलने सगळे बिंदू निवडून ‘रिड्यूस नोड्स’ करावं. अर्धे बिंदू गेले तरी आकार ओळखीचा राहतो.

आता मराठीचं.

चिलर, क्रीपस्टर, नोसिफर यांतल्या एकातही देवनागरी नाही. वर्डमध्ये ‘भयरात्र’ लिहून चिलर निवडला की अक्षर जसंच्या तसं राहतं, आणि ‘फॉन्ट लागत नाही’ अशी तक्रार होते. वर्ड मराठीसाठी वेगळ्या खणातला फॉन्ट वापरतो. कंट्रोल-डी दाबल्यावर दिसणारा ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’चा खण तो. तिथे चिलर टाकला तरी उपयोग नाही, कारण आत अक्षरच नाही, आणि संगणक मंगल किंवा निर्मलाकडे वळतो. मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीत टाइप केलेला असेल तर उलटं होतं. तिथे आतले संकेत इंग्रजी अक्षरांचेच असतात, म्हणून चिलर लावताच मराठी जाऊन इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग उमटते. प्रेसला गेलेल्या फाइलमध्ये हे घडलं आणि कुणी पाहिलं नाही तर छापलंही जातं.

मग लोक साधा देवनागरी फॉन्ट घेऊन त्यावर चिलरसारखे ओरखडे आणि नोसिफरसारखे ओघळ चढवतात. खरी गडबड इथे होते, कारण रोमन अक्षराच्या कडेला काहीही केलं तरी अक्षर बहुधा तेच राहतं. देवनागरीत शिरोरेषेची एक लहान फट आणि एक लहान गाठ यांवर अख्खं अक्षर अवलंबून असतं. म आणि भ, घ आणि ध, य आणि थ, या जोड्यांकडे जवळून पाहा. भ, ध आणि थ यांच्या डाव्या खांद्यावर शिरोरेषा तुटलेली असते आणि तिथे एक गाठ असते, म, घ आणि य यांवर रेषा सलग जाते. भयाच्या शीर्षकांत सगळ्यात जास्त येणारे शब्द नेमके याच अक्षरांनी सुरू होतात: भूत, भय, थरार. खडबडीतपणा चढवताना ती फट भरली की थरारचा ‘यरार’ होतो, आणि भूतचं जे होतं ते पोस्टरवर कुणालाच नको असतं. उलट बाजूने, शिरोरेषा ‘फाटकी’ दिसावी म्हणून ती घ वर तोडली की घरचं ‘धर’ वाचलं जातं. खून लिहिताना ख च्या तळाचा जोड तुटला तर र आणि व सुटे होतात.

ओघळांचंही तसंच. शिरोरेषेवरून दोन अक्षरांच्या मधल्या जागेत ओघळ सोडला की तो काना होतो. मरणमध्ये म आणि र यांच्या मधे सरळ ओघळ तळापर्यंत आला तर ‘मारण’ वाचलं जाणार. दंडाच्या, म्हणजे अक्षरातल्या उभ्या रेघेच्या, पायाशी डावीकडे वळलेला थेंब उकार वाटतो, शिरोरेषेवर पडलेला शिंतोडा अनुस्वार होतो, आणि अक्षराच्या उजवीकडचे वर-खाली दोन ठिपके म्हणजे विसर्ग. म्हणून नियम धरावा: शिरोरेषेवरून उतरणारा ओघळ अक्षराच्या उंचीच्या एक तृतीयांशाच्या आत, टोकाकडे निमुळता, आणि शक्यतो दंडाच्या अगदी लगत. शिरोरेषेच्या वर शिंतोडे नकोतच. खाली हवे असतील तर ते अक्षरापासून निम्म्या उंचीएवढे दूर.

देवनागरीत भीती ठेवायला चांगल्या जागा वेगळ्याच आहेत आणि त्या रोमनला नाहीत. वेलांटीची कमान बाजूच्या अक्षरावर झुकवता येते. मात्रा नखासारखी ओढता येते. रफार तुटक, टोकदार करता येतो. भूतमधल्या दीर्घ उकाराचं शेपूट अक्षराच्या उंचीएवढं खाली नेलं तरी वाचण्यात काही बिघडत नाही, आणि ती एक रेघ दहा ओघळांचं काम करते. शिरोरेषा फाडण्याऐवजी तिची जाडी बदलावी: सुरुवातीला बोटभर, शेवटी केसाएवढी. दंडाचा पाय चपटा न ठेवता तिरका आणि अणकुचीदार सोडावा. हे सगळं मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्याला ओळखीचं राहून अस्वस्थ करतं.

फॉन्टवरूनच सुरुवात करायची असेल तर निवड महत्त्वाची. ‘एक टाइप’ या फॉन्टगृहाचा मोदक हा फॉन्ट जाड आहे म्हणून मोह होतो, पण त्याच्या पोटातल्या मोकळ्या जागा म्हणजे आधीच बारीक चिरा, जरासा खडबडीतपणा दिला की त्या मिटतात आणि भ, म, थ, य सगळे एक होतात. इंडियन टाइप फाउंड्रीचा कलम हाताचा आहे, पण त्याचा स्वभाव मित्राने लिहिलेल्या चिठ्ठीचा, तो घाबरवू शकत नाही. चिलरच्या शेजारी ठेवायला त्याच फाउंड्रीचा खंड बरा, अरुंद आणि सरळ दंडांचा असल्यामुळे ओरखड्यांना जागा देतो. आणि जुन्या पोथीतला शाप, मंत्र, वाडा असा विषय असेल तर एक टाइपचाच जैनी पाहावा. १५०३ च्या कल्पसूत्राच्या हस्तलिखितातल्या अक्षरांवर तो बेतलेला आहे. त्यावर काही न करता, फक्त मोठा आणि एकटा ठेवला तरी पुरेसा गंभीर दिसतो.

खंडवर काम करायची पद्धत अशी. इलस्ट्रेटरमध्ये आधी परिच्छेदाचा कंपोझर ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ असा निवडावा, नाहीतर वेलांट्या आणि जोडाक्षरं तुटतात. कोरलची जुनी आवृत्ती युनिकोड मराठी मोडत असेल तर शब्द इंकस्केपमध्ये टाइप करून तिथेच ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करून एसव्हीजी आणावं. अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेवावं. इंग्रजी शीर्षकाला दिलेलं जास्तीचं अंतर मराठीलाही लागलं की शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटते. मग आकार करून घ्यावेत आणि, हे विसरू नये, पाथफाइंडरच्या ‘युनाइट’ने सगळी अक्षरं एकसंध करावीत. देवनागरी फॉन्टात शेजारची अक्षरं शिरोरेषेपाशी एकमेकांवर चढलेली असतात. एकसंध न करता खडबडीतपणा दिला तर प्रत्येक अक्षराची कड वेगळी फाटते आणि शिरोरेषेवर शिवण उघडी पडते.

त्यानंतर ‘रफन’, म्हणजे कडा खडबडीत करणारा इलस्ट्रेटरचा इफेक्ट. मोजमाप सापेक्ष न ठेवता ‘ॲब्सोल्यूट’ करावं. अक्षर ५० मिलिमीटर उंच असेल तर आकार ०.५ ते ०.६ मिलिमीटर, तपशील दर इंचाला १२ च्या आसपास, बिंदू कोनी. ठरवायची सोपी रीत: शब्दातली सगळ्यात लहान फट मोजा, रफनचा आकार तिच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा कमी ठेवा. मग ‘एक्स्पांड अपिअरन्स’ करून भ, ध, थ यांच्या गाठी हाताने साफ कराव्यात. संपूर्ण शब्दावर एकसारखा खडबडीतपणा यंत्राचा वाटतो, म्हणून शेवटी दोन-तीन जागा मुद्दाम गुळगुळीत करून टाकाव्यात.

तरीही, वेळ असेल तर हाताने लिहावं. मराठीत भीतीचे शब्द पुष्कळदा दुहेरी असतात: थरथर, धडधड, सळसळ, भयभीत. तेच अक्षर त्याच शब्दात दोनदा येतं, आणि फॉन्टवरून केलेलं काम इथे लगेच उघडं पडतं. सामान थोडंच लागतं. बोरू किंवा टोक पसरलेला जुना निब, काळी इंडिया इंक, आणि शाई किंचित फुटेल असा हातकागद. अगदी टिपकागद घेतला तर गाठी भरून जातात, गुळगुळीत आर्ट पेपर घेतला तर कड फाटतच नाही. अक्षराची उंची ५-६ सेंटिमीटर. शिरोरेषेसाठी पेन्सिलीची पुसट ओळ आखावी, पण आधी अक्षरं लिहून मग शिरोरेषा एका दमात ओढावी. मध्ये हात थांबला तर तिथे शाईचा गोळा होतो आणि तो अनुस्वारासारखा दिसतो. बोरू नेहमीच्या कोनात न धरता कधी उलट्या बाजूने, कधी जवळजवळ उभा धरावा, दंड वरून खाली न ओढता एखादा खालून वर ढकलावा. ढकललेली रेघ कागदात अडखळते, आणि चिलरमध्ये जी थरथर दिसते ती इथे खरी मिळते. श देठाचा आणि ल पाकळीचा काढावा. राज्य सरकारच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही तेच आकार आहेत, आणि ‘शाप’ हा शब्द हिंदी वळणाच्या श ने मराठी वाटत नाही. एकच शब्द आठ-दहा वेळा लिहावा, म्हणजे प्रत्येक अक्षराचे निवडायला पर्याय राहतात.

कागद पूर्ण वाळल्यावर ६०० डीपीआयला, करड्या छटांत स्कॅन करावं. थेट काळं-पांढरं स्कॅन केलं तर शाईच्या पातळ कडा यंत्र स्वतःच ठरवून कापतं. लेव्हल्सने कागदाचा रंग पांढरा करून मग इलस्ट्रेटरच्या ‘इमेज ट्रेस’मध्ये काळं-पांढरं निवडावं. थ्रेशोल्ड, म्हणजे कुठली छटा काळी धरायची त्याची सीमा, १२८ वरून सुरू करावा, रेघ बारीक पडत असेल तर वाढवावा. पाथ ८५-९० टक्के, कोपरे ७५, नॉइज १० पिक्सेल, पांढरं वगळावं. नॉइज फार वाढवला तर शिंतोड्यांबरोबर खरे अनुस्वारही उडतात, म्हणून ट्रेसनंतर शब्द एकदा शुद्धलेखनाच्या नजरेने वाचावा. तयार शब्द २५ मिलिमीटर रुंदीचा छापून, विषय न सांगता, कुणालातरी हातभर अंतरावरून वाचायला द्यावा. तो अडखळला ते अक्षर पुन्हा करावं.

मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावं एकाच पोस्टरवर असतील तर दोघांनाही किंचाळू देऊ नये. मराठी हाताने काढलेलं मोठं, इंग्रजी चिलरमध्ये त्याच्या निम्म्याहून लहान, आणि शेजारी-शेजारी ठेवायचं झालं तर शिरोरेषा इंग्रजी मोठ्या अक्षरांच्या माथ्याच्या किंचित खाली. बाकी सगळा मजकूर मुक्तासारख्या स्वच्छ फॉन्टात. पुस्तकाच्या किंवा दिवाळी अंकातल्या भयकथेच्या आतल्या पानांना टिरो देवनागरी मराठी द्यावा आणि ओरखडे फक्त कथेच्या नावाला ठेवावेत. शांत, नेटक्या परिच्छेदांवर एकच बिघडलेला शब्द असला की वाचक पान उलटण्याआधी थांबतो.

प्रेसला देताना एक फाइल अक्षरांचे आकार केलेली, पीडीएफमध्ये, आणि एक टाइप केलेल्या मजकुराची आपल्याकडे जपून ठेवलेली. तारीख बदलली की दुसरी लागते. फ्लेक्सवाल्याकडे फाइल उघडताच भ, ध, थ च्या गाठी आणि उकार एकदा त्यांच्या पडद्यावर मोठे करून पाहून घ्यावेत. त्यांच्याकडून कधीकधी ‘अक्षर जरा जाड करून’ दिलं जातं, आणि मिटलेली फट तिथेच परत येते.